रामबागेतल्या ताईंचा डबा: मऊ आहे, पण पांढरा नाही

आठ महिने झाले. रविवार सोडून रोज दुपारी सव्वाबाराला फाटकाची कडी वाजते आणि "माताजी, डब्बा!" अशी हाक येते. आठ महिन्यांत सहा दिवस डबा आला नाही, त्यातले चार या जुलैतल्या धो धो पावसाचे. इतके दिवस जेवल्यावर आता लिहायला हरकत नाही. इंदुरात आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. दोघंच राहायचं, मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला, गुडघे बोलतात आणि स्वयंपाक हळूहळू चहा-टोस्टवर येऊन ठेपलेला. त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी आम्ही या डब्यापर्यंत कसे आलो ते सांगते, कारण त्याशिवाय डब्याची किंमत कळणार नाही. मागच्या ऑगस्टात ह्यांना न्यूमोनिया झाला. वय ७६. अकरा दिवस दवाखान्यात, सलाईनमधून अँटिबायोटिक्स. घरी आले तेव्हा सहा किलो वजन उतरलेलं, आणि हिरड्या बसल्यामुळे कवळी सैल झालेली. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, हलकं द्या, मऊ द्या. मीही तेच केलं. गुरगुट्या भात, गाळलेलं मुगाचं वरण, साबुदाण्याची पेज, दुधात बुडवलेला टोस्ट, कुस्करलेला बटाटा, केळं. पहिले दोन-तीन आठवडे तेच योग्य होतं. पण ते तीन महिने चाललं. ह्यांच्याबरोबर मीही तेच खायला लागले, दोघांसाठी दोन स्वयंपाक कोण करणार? आमचं ताट पांढरं झालं. मग पोटाच्या तक्रारी. चार-चार दिवस पोट साफ नाही, मग एक दिवस नुसती धावपळ. रात्री इसबगोल, सकाळी आम्लपित्ताची गोळी, आणि दिवसभर ह्यांचं "भूक नाही".

मी ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. आतड्यातल्या जिवाणूंबद्दल मुलांना एक वाक्य सांगायची, ते के जीवनसत्त्व तयार करतात, आणि पुढच्या धड्याकडे वळायची. त्या तीन महिन्यांत ते एक वाक्य मला फार अपुरं वाटायला लागलं. मुलीने पुण्याहून वाचायला पाठवलं, मी चष्मा लावून बसले.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, म्हणजे जवळपास आपल्या स्वतःच्या पेशींइतकेच. सगळ्यांचं वजन मिळून साधारण २०० ग्रॅम. बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात. आपल्याला जे पचत नाही त्यावर ते जगतात: डाळीचं साल, धान्याचा कोंडा, पालेभाजीचे देठ, फळांचा चोथा. ते आंबवून त्यांच्याकडून लहान लहान आम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन आहे. गुरगुट्या भात आणि गाळलेलं वरण लहान आतड्यातच शोषलं जातं. म्हणजे वरची पंगत जेवून उठते आणि खालच्या पंगतीला पानच वाढलेलं नसतं. असा न पचणारा भाग, म्हणजे चोथा, अजिबात मिळाला नाही तर काही जिवाणू आतड्याच्या आतला बुळबुळीत थरच कुरतडायला लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगात दिसलेलं आहे. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मी प्रेमाने भरवत होते आणि निम्म्या घराला उपाशी ठेवत होते.

त्यात वय. दात जातात, तहान-भूक मंदावते, आतड्याची चाल संथ होते, गोळ्या वाढतात. आम्लता कमी करणारी गोळी दीर्घकाळ चालू असली की तोंडातले जिवाणू आतड्यात जास्त सापडतात. बायफिडोसारखे लहानपणी मुबलक असलेले जिवाणू म्हातारपणी कमी होत जातात. आयर्लंडमध्ये कॉर्कला १७८ वृद्धांचा अभ्यास झाला, २०१२ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. आपल्या घरी राहणाऱ्या वृद्धांपेक्षा कायमचे शुश्रूषागृहात राहणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंची विविधता कमी होती, त्यांचं जेवणही एकसुरी होतं, आणि ही विविधता जितकी कमी तितका अशक्तपणा जास्त. आता जास्त थकलेली माणसंच तिथे जातात, त्यामुळे कशामुळे काय हे त्यावरून सरळ ठरवता येत नाही. पण एक गोष्ट मनात रुतली. तिथे गेल्यावर आधी ताट बदलतं, जिवाणू मागाहून बदलतात. आमचं घर रामबागेतच होतं, ताट मात्र शुश्रूषागृहातलं झालं होतं.

आधी दोन चुकीच्या वाटा धरल्या. एका कंपनीच्या प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल मागवल्या, ६० गोळ्यांचे १,८०० रुपये. दोन महिने घेतल्या, फरक जाणवला नाही. पाहुणे बोलवायचे आणि घरात शिधा नाही, तसलाच प्रकार. मग नोव्हेंबरात दुसरीकडचा एक डबा लावला. पोळ्या चामट, लाल रश्श्यात पनीर, वर बोटभर तेल. कॉलेजच्या मुलांसाठी ठीक असेल. ह्यांनी आठव्या दिवशी हात जोडले.

डिसेंबरात खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी ताईंचं सांगितलं. पाटी नाही, छापील कार्ड नाही. दोन गल्ल्या मागे, घराच्या पडवीत स्वयंपाक, रोजचे ३४ डबे, जवळपास सगळे साठीच्या पुढच्यांचे. पहिल्या दिवशी मी स्वतः बघायला गेले. ताई पन्नाशीच्या असतील. त्यांच्या सासूबाई पाच वर्षं अंथरुणाला होत्या, तोंडात एक दात नाही आणि भाकरीशिवाय जेवण नाही. "काय करणार मावशी, रोज रडायच्या भाकरीसाठी," ताई म्हणाल्या. "मग शिकले."

काय शिकल्या ते मी पाटावर बसून पाहिलं. ज्वारीचं पीठ दर चौथ्या दिवशी ताजं दळून आणतात, कारण पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी चिरते. पाण्याला उकळी आली की ते पिठात ओततात, झाकून ठेवतात आणि कोमट असतानाच मळतात. अगदी लोण्यासारखं होईपर्यंत, तळहाताच्या टाचेने. थापलेली भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात, उलटली की विस्तवावर फुगते, पण करपवायची नाही, पापुद्रा कडक होऊ द्यायचा नाही. लगेच ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्यात. साडेअकराची भाकरी एक वाजता मी बोटाने दाबून पाहिली, मऊ. आणि त्यातला कोंडा सगळा आत. १०० ग्रॅम ज्वारीत चोथा साधारण १० ग्रॅम, पांढऱ्या तांदळात जेमतेम ३.

मटकीच्या उसळीचंही तसंच. मोड आलेली मटकी कुकरमधून काढली की ताई एक दाणा जिभेवर ठेवून टाळूला दाबतात. दातांशिवाय चिरडला तर ठीक, नाहीतर परत मंद आचेवर. "साल ठेवायचं, कडकपणा काढायचा," हे त्यांचं वाक्य मी शाळेत फळ्यावर लिहून दिलं असतं. मऊ म्हणजे गाळलेलं, सोललेलं, पांढरं, अशी माझी समजूत होती. ताईंच्या डब्यात तांबडी भाकरी येते, हिरवा चाकवत येतो, देठ सुईसारखे बारीक चिरलेले अंबाडी-चुका येतात, गाजर आणि काकडी किसून दह्यात, दाण्याचं बारीक कूट घालून, कारळ्याची नाहीतर जवसाची चटणी येते. गुरुवारी दहीभात, तोही भात गार झाल्यावर कालवलेला. शिजवून गार केलेल्या भातातल्या स्टार्चचा काही भाग न पचणारा होतो आणि तो खालच्या पंगतीला पोचतो. जानेवारीत एकदा गराडू हा आमच्याकडचा थंडीतला कंद आला, उकडून, थोड्याशा तुपावर परतून, वर जिरावन हा इंदुरी मसाला. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातला तळलेला गराडू म्हणजे ह्यांचा जीव की प्राण, दोन वर्षांत खाल्ला नव्हता. त्या दिवशी डबा पुसून खाल्ला.

मी वहीत मोजायला लागले. पांढऱ्या ताटाच्या दिवसांत आम्ही आठवड्याला सहा वनस्पती खात होतो: तांदूळ, मूग, साबुदाणा, मैद्याच्या रूपात गहू, बटाटा, केळं. ताईंच्या डब्यात फेब्रुवारीतल्या एका आठवड्यात मसाले सोडून २६ मोजल्या. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, २०१८ साली, आठवड्याला तीसहून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटातली विविधता दहा किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त दिसली होती. संध्याकाळी मी पपई, पेरू किंवा मूठभर भिजवलेले शेंगदाणे दिले की आमचा आकडा तिसाच्या जवळ पोचतो.

आता आंबील. या डब्यातली सर्वांत मोलाची गोष्ट, छोट्या फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डबीत येते. झाकण काढलं की आंबूस वास, त्यामागे लसूण आणि जिरं. रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं, हे तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण शिजवल्यावर आंबवणारे जिवाणू मरतात. ताई आंबील पूर्ण गार झाल्यावर वरून ताजं ताक घालून घुसळतात. म्हणजे आंबलेली ज्वारीही मिळते आणि जिवंत जिवाणूही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "नाहीतर चव मेल्यासारखी लागते, मावशी." जिभेला ते आधीच कळलेलं होतं.

दह्या-ताकाचं हे कौतुक जुनं आहे. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ, ज्यांना १९०८ सालचं नोबेल रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी विभागून मिळालं, ते आंबवलेल्या दुधाने म्हातारपण लांबणीवर पडतं असं सांगायचे आणि स्वतः रोज प्यायचे. वयाच्या ७१ व्या वर्षी गेले. त्यामुळे ताक प्यायलं की शंभरी गाठू असं मी कोणाला सांगणार नाही. पण २०२१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी माणसांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. आंबवलेले पदार्थ वाढवणाऱ्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि शरीरातल्या दाहाच्या काही खुणा कमी झाल्या. नुसता चोथा वाढवलेल्या गटात एवढ्या अवधीत विविधता वाढली नाही. आणि दुसरीकडे, युरोपातल्या पाच देशांतल्या ६१२ वृद्धांवरच्या २०२० सालच्या अभ्यासात, वर्षभर भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, फळं, ऑलिव्ह तेल, मासे असा आहार घेतल्यावर जिवाणूंत चांगला बदल झाला आणि तो कमी अशक्तपणाशी जुळला. मला यातून एवढंच घ्यायचं होतं की साठी उलटली म्हणून पोटातलं जग बदलायचं थांबत नाही, आणि भाकरी आणि आंबील एकाच डब्यात असणं चांगलं.

पहिला आठवडा मात्र वाईट गेला, तेही सांगितलं पाहिजे. तीन महिने चोथा नाही आणि एकदम अख्खी उसळ, भाकरी, कोशिंबीर. ह्यांचं पोट डमरूसारखं फुगलं, तिसऱ्या दिवशी रात्रभर बसून काढली. चूक माझी होती, पाणीही पुरेसं देत नव्हते. ताईंना फोन केला तर त्यांनी स्वतःच सांगितलं की नवीन माणसाला पंधरा दिवस अर्धी उसळ आणि अर्धी भाकरी द्यायची असते, आधी विचारायला हवं होतं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं, हा माझा त्यांच्यावरचा एक आक्षेप. मग हळूहळू वाढवलं, दोन तासांनी एक पेला पाणी, आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्रास गेला.

बाकीच्या तक्रारी. मे महिन्यात उशीर होऊन दीड वाजेपर्यंत उन्हात फिरलेली आंबील दोनदा इतकी आंबली की झाकण उडून आमटीत सांडली आणि दोन्ही वाया गेलं. आता ताई उन्हाळ्यात आंबीलीचे डबे आधीच्या फेरीत पाठवतात आणि डबीभोवती ओलं फडकं असतं. लोणच्यात मीठ फार, ह्यांच्या रक्तदाबाला चालत नाही, म्हणून आम्ही लोणचं बंदच करायला सांगितलं. उद्याचा बेत आदल्या दिवशी कळत नाही. रात्रीचा डबा नाही. रविवारी सुट्टी, जी त्यांना मिळायलाच हवी, पण आम्ही रविवारी परत टोस्टवर घसरतो.

सगळ्यात जास्त वाद उपासाच्या डब्यावरून झाला. संकष्टीला आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी. इंदुरात साबुदाणा म्हणजे श्रद्धेचा विषय, सराफ्यात रात्री अकराला रांग लागते, त्याविरुद्ध बोलणं सोपं नाही. पण साबुदाण्यात स्टार्चशिवाय फारसं काही नाही, चोथा जवळपास शून्य. महिन्यातून तीन-चार दिवस खालची पंगत परत उपाशी. ताई म्हणाल्या, "बाकीचे चौतीस जण मला फाडून खातील." मी मागे लागले. शेवटी त्यांनी श्रावणापासून दोन प्रकार ठेवले, साबुदाणा ज्यांना हवा त्यांना, आणि आमच्यासारख्यांना राजगिऱ्याची भाकरी, रताळं, दही-काकडी. आता त्यातले अकरा डबे रताळ्याचे जातात.

दर सांगते: एका डब्याचे ११० रुपये, आमचे दोघांचे महिन्याला ५,७२० होतात. स्वस्त नाही, पण दवाखान्याच्या कागदांपुढे काही नाही. दोन स्टीलचे चारपुडी डबे आपले घेऊन ठेवावे लागतात, घासून परत द्यायचे. बदल हवा असेल तर आदल्या रात्री आठच्या आत सांगायचं. मूत्रपिंडाचा आजार असेल, पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा प्रतिकारशक्ती फार खाली असेल तर कच्ची कोशिंबीर आणि ताक डॉक्टरांना विचारूनच. ताई कोणासाठीही कोशिंबीर वाफवून देतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

ह्यांचं वजन साडेतीन किलो परत आलं. इसबगोल मार्चपासून कपाटात आहे. आम्लपित्ताची गोळी डॉक्टरांनीच आधी एक दिवसाआड केली, मग बंद. कवळी नवीन बसवली, व्यायाम शिकवणारा मुलगा महिनाभर येत होता, त्यांचाही वाटा आहे. पोटातल्या जिवाणूंची तपासणी आम्ही केलेली नाही. मी एवढंच पाहते की सव्वाबारा वाजायला आले की हे आरामखुर्ची फाटकाच्या बाजूला वळवून बसतात आणि डबा आला की आधी आंबीलीची डबी उघडतात. संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत चालत जाऊन येतात, काठी घेऊन, पण एकटे.

उद्या संकष्टी. मघाशी ताईंचा फोन येऊन गेला, रताळं उकडून देऊ की किसून? मी काही बोलायच्या आत हे आतून म्हणाले, "किसून, आणि दही जरा जास्त."